आजचं झालं?

माझ्या बहिणीनं जन्मात एकही गोष्ट रोज केलेली नाही. पियानो दोन महिने, वजन कमी करणं दर जानेवारीत आठवडाभर, आणि विणायला घेतलेला स्वेटर तर अजून एका बाहीचाच आहे. ज्याच्यासाठी घेतला होता तो ड्वाइट, तिचा नवरा, वाट बघून बघून शेवटी वरच गेला. त्यामुळे नव्या वर्षाच्या दिवशी लव्हॉननं फोन करून सांगितलं, की आता वर्षभर ती रोज इंटरनेटवर काहीतरी लिहिणार आहे, एकही दिवस न चुकवता, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय लिहिणार?" मी विचारलं.

"काहीही. त्या दिवसाचं. चार ओळी का होईना, पण संध्याकाळच्या जेवणाच्या आत."

"आणि वाचणार कोण?"

"तू वाच ना. म्हणजे रोज सकाळी मला फोन करायला नको. मी लिहिलंय म्हणजे मी बरी आहे, असं समज."

मी एका विमा कंपनीत निवृत्त होईपर्यंत दाव्यांची तपासणी केली. जळालेली घरं, बुडालेल्या बोटी, चोरीला गेलेल्या आणि मग मेव्हण्याच्या गोदामात सापडलेल्या स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या. माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन मोकळा झाला, की नेमकं तिथंच खणायचं, हे मी त्या नोकरीत शिकले. मी काही लव्हॉनला विचारलं नव्हतं, की तुला फोन करू की नको.

"तुझी बहीण चार ओळी लिहितेय," कर्टिस, माझा नवरा, शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला. "बँक लुटत नाहीये."

"बँक लुटणारी बाईसुद्धा आधी असंच सांगेल."

"असेल बुवा," तो म्हणाला. लग्न टिकवण्याची त्याची हीच रीत आहे.

लव्हॉन आमच्या उत्तरेला, गाडीनं दोन तासांवर, तळ्याकाठच्या घरात एकटी राहते. ड्वाइट गेल्यापासून महिन्यातून एका रविवारी ती आमच्याकडे सेंट क्लाउडला जेवायला यायची. बाकीचे दिवस मी तिला सकाळी फोन करायचे. विधवा बहीण, तळं, बर्फ, निसरड्या पायऱ्या. कुणीतरी विचारायला नको का?

तिच्या पानाचं नाव होतं 'आजचं'. मी पहिल्या दिवसापासून वाचायला लागले. बर्फ काढणाऱ्या गाडीनं तिची टपालपेटी कशी आडवी केली. उणे तीसमध्ये दाराची कडी हाताला कशी चिकटते. थर्मामीटरवर तर एक अख्खा परिच्छेद होता. ड्वाइटचे बूट अजून दारातच आहेत आणि घरात चोर शिरला तर निदान त्याला वाटेल पुरुष आहे, म्हणून ती ते हलवत नाही. चांगलं लिहीत होती. हे मला अजिबात आवडलं नाही. चाळीस वर्षं नाताळच्या कार्डावर नुसतं नाव लिहिणारी बाई एकाएकी इतकं चांगलं लिहायला लागते, तर तिच्यामागे कुणीतरी असणार.

आणि होताच. तिच्या लिखाणाखाली दहा-बारा लोक काहीबाही लिहायचे, छान, मजा आली, माझ्या आईकडेही असंच. पण गॉर्डी नावाचा एक माणूस रोज न चुकता एकच विचारायचा: "आजचं झालं?"

खाली लव्हॉन उत्तर द्यायची: "झालं."

आता मला सांगा, लिखाण समोर आहे. डोळ्यांना दिसतंय. मग झालं का म्हणून विचारायचं कशाला? मी कर्टिसला दाखवलं.

"चेष्टा असेल त्यांची," तो म्हणाला.

"तेच तर म्हणतेय. एका बाप्याची आणि तिची चेष्टा. रोजची."

फेब्रुवारीत एके दिवशी तर कमालच झाली. लव्हॉननं लिहिलं होतं, चांगलं मोठं, वाफाळत्या सुपाबद्दल. खाली गॉर्डीनं विचारलं, "आजचं झालं?" आणि ती म्हणाली, "नाही." लिखाण डोक्यावर, आणि खाली "नाही"! त्यावर गॉर्डी म्हणतो, "उद्या परत." मी ते चारदा वाचलं. यांची काहीतरी खूण ठरलेली आहे, भेटीगाठीची, एवढं मला कळलं. मला राग आला. ड्वाइटचे बूट दारात आणि ही खुणा करतेय. शिवाय असले लोक मी पाहिलेत. एकट्या बायकांची घरं हेरून त्यांच्याशी गोड बोलणारे.

फेब्रुवारी संपता संपता दोन गोष्टी एकदम घडल्या. तिचा फोन लागेनासा झाला. नुसता तिचा आवाज यायचा, "सध्या फोन जरा बाजूला ठेवलाय. आजचं वाचा." आणि गॉर्डीनं विचारणं बंद केलं. लिखाण मात्र रोज संध्याकाळी पाचला हजर. मार्चच्या रविवारी ती जेवायला आली नाही. त्याचं कारण तिनं महिनाभर आधीच देऊन ठेवलं होतं, की रस्ते वाईट असतात. रस्ते कोरडे होते.

"बघ," मी कर्टिसला म्हटलं.

"लिहितेय ना ती? मग बरी आहे."

मग ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी बटाटे सोलत होते आणि फोन ओट्यावर उभा करून वाचत होते. लव्हॉननं लिहिलं होतं: "आज सूप ढवळत खिडकीत उभी होते. तळ्यावर शेवटच्या खोपटीत दिवा लागला. ड्वाइट असता तर म्हणाला असता, हा एल्मर घरी जायला घाबरतो."

मी सुरी खाली ठेवली.

बर्फावर मासे धरायच्या खोपट्या आमच्याकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात उचलाव्याच लागतात. सरकारचा नियम आहे, नाही उचलली तर दंड होतो, आणि नियम नसता तरी मार्चअखेरीला त्या बर्फावर खोपटी ठेवणारा माणूस खोपटीसकट तळाशी जाईल. एल्मर असो नाहीतर आणखी कुणी, त्या दिवशी त्या तळ्यावर खोपटी असणं शक्यच नव्हतं. मी मागचं सगळं लिखाण पुन्हा वाचलं. महिनाभर नुसतं सूप, खिडकी, पाखरं, बूट. कुठल्याही दिवशी चालेल असं. आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे बर्फाचं वादळ झालं होतं, दोन दिवस वीज नव्हती, आणि थर्मामीटरवर परिच्छेद लिहिणाऱ्या बाईनं त्यावर एक ओळ लिहिली नव्हती.

हे लिखाण आधीच करून ठेवलेलं होतं. पुढच्या तारखा लावून ठेवल्या की त्या त्या दिवशी आपोआप पानावर लागतं, आमच्या ऑफिसातही पत्रं तशीच जायची. म्हणजे महिनाभर मी ज्याला माझी बहीण समजून वाचत होते ते एक लावून ठेवलेलं घड्याळ होतं. आणि बहीण कुठे होती?

मी घाबरले की मला आधी राग येतो. मी तिथल्या तिथे, सगळ्यांना दिसेल असं, खाली लिहिलं: "खोपट्या कधीच्या उठल्या. हे कधी लिहिलंस? कुठे आहेस तू? आणि गॉर्डी कोण?"

बटाटे शिजायच्या आत उत्तर आलं. लव्हॉनचं नाही. "बाई, इथं नको. दुकानात या. तळ्याच्या वळणावर, गळाच्या आमिषाचं दुकान. गॉर्डी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. कर्टिस येतो म्हणाला, पण तो माणसांवर विश्वास ठेवतो, त्यामुळे अशा कामाला त्याचा उपयोग नाही.

आधी तिच्या घरी गेले. गाडी गॅरेजमध्ये. पायऱ्यांवर जुना बर्फ, त्यावर एका मोठ्या बुटाचे ठसे, येणारे आणि जाणारे. टपालपेटी रिकामी, म्हणजे कुणीतरी टपाल उचलत होतं. पाखरांच्या दाण्यांचं भांडं मात्र कोरडं ठणठणीत. दोनच दिवसांपूर्वी त्यावर लाल पाखरांचं जोडपं येऊन बसलं होतं, लिखाणात. किल्ली दगडी बेडकाखाली होती तिथंच होती. आत घर थंड, स्वच्छ, ड्वाइटचे बूट जागेवर. मी सगळी कपाटं उघडली. सवयच ती. सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं होतं. साबण नाही, फडकं नाही. कुणीतरी आतून पुसून घेतलं होतं, कोपऱ्यांपर्यंत. मी ते टिपून ठेवलं आणि दार बंद केलं. त्याचा अर्थ काय, ते काही मला सुचलं नाही.

गॉर्डी एक धिप्पाड म्हातारा निघाला. बाह्या वर करून तो टाकीतले मेलेले छोटे मासे जाळीनं काढत होता. मी दारात उभी राहिले तर त्यानं वर पाहिलं.

"तुम्ही मार्लिस," तो म्हणाला. "ती म्हणाली होती तुम्ही याल. मला वाटलं पहिल्याच आठवड्यात याल."

"लव्हॉन कुठाय?"

"सुखरूप आहे."

"कशी आहे विचारलं नाही मी. कुठाय विचारलं."

"ते मी सांगायचं नाही."

"मग शेरीफला सांगा. बोलावते मी."

"बोलवा की. येतोच तो रोज कॉफीला."

"तिचं टपाल कोण उचलतं?"

"मी."

"घरात कोण जातं?"

"मीच. पाइप गोठू नयेत म्हणून बघून येतो."

"आणि पाखरांना दाणे टाकायचं नाही सुचलं?"

तो पहिल्यांदाच ओशाळला. "ते राहिलं खरं," तो म्हणाला.

"तुमचं आणि तिचं काय आहे? सरळ सांगा. मला उडवाउडवी कळते."

"बाई, माझी बायको आत गांडुळांच्या फ्रिजपाशी बसलीय. हाक मारू? तिलाही ऐकायला आवडेल."

आतून एका बाईचा आवाज आला, "मी ऐकतेय!"

गॉर्डीनं जाळी ठेवली, हात पुसले, आणि माझ्यासमोर उलटी बादली ठेवून तिच्यावर बसला.

"तिचं मला काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "शब्द दिलाय. माझं सांगू का? माझं मी सांगू शकतो. मी दारुडा होतो. या दुकानात यायचो तो दुपारनंतर शुद्धीत नसायचो. मग सोडली. तेव्हा एक म्हातारा मला रोज संध्याकाळी फोन करायचा आणि एवढंच विचारायचा, आजचं झालं? म्हणजे आजचा दिवस न पिता गेला का. उद्याचं नाही विचारायचा, कालचं नाही. मी झालं म्हणायचो, तो फोन ठेवायचा. तो गेला. आता मी विचारतो. कुणाला ते नाही सांगत."

टाकीतला पंप बुडबुडत होता. सिंकखालचं ते पुसलेलं कपाट माझ्या डोळ्यांपुढे आलं. मग तो सुपाचा दिवस आठवला.

"पण त्या दिवशी," मी म्हटलं, "नाही म्हणाली ती. लिहिलं तर होतं तिनं."

"लिहिणं झालं होतं," गॉर्डी म्हणाला.

मला बसायला बादलीसुद्धा नव्हती. गॉर्डीनं आमिषाच्या पुठ्ठ्याच्या डब्याचं झाकण फाडलं, त्यावर पत्ता लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

"रविवारी दोनला भेटायला देतात. तिनं एकच नाव दिलंय आत, तुमचं. तुम्हाला कळवायचा धीर तेवढा तिला होत नव्हता."

शनिवारी मी तिच्यासाठी काय न्यावं याचा विचार करत बसले. घरचं खाणं नेऊ देतील की नाही कोण जाणे. मग मला पेपरमिंट आठवले. लव्हॉनच्या पर्समध्ये ते कायम असायचे, जेवणाआधी एक, जेवणानंतर एक, निघताना एक. इतके आवडतात म्हणून गेली तीन वर्षं नाताळला मी तिला पेपरमिंटचा मोठा पत्र्याचा डबा देत आले होते. तसलाच एक आणला, वर रिबन बांधली.

दारू सोडवायची ती जागा म्हणजे पूर्वी नन्सचं घर होतं. दारात एका तरुण बाईनं माझी पर्स घेतली आणि सगळं टेबलावर काढलं. लिपस्टिक उघडून बघितली. खोकल्याच्या औषधाची बाटली बाजूला ठेवली. मी जन्मभर लोकांच्या कपाटांत हात घातले, पण माझ्या पर्समध्ये कुणी हात घातला नव्हता. माझा चेहरा तापला.

"मी तिची बहीण आहे," मी म्हटलं.

"हो ना, सगळ्यांच्याच बहिणी येतात," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. मग तिनं रिबन सोडली, डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि डबा आपल्यामागच्या फळीवर ठेवला. "हे आत नेता येणार नाही."

"गोळ्या आहेत हो त्या! पेपरमिंटच्या."

"तोंडाचा वास झाकणारं काही चालत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात काचेच्या दारापलीकडे लव्हॉन दिसली. केस बारीक कापलेले, चेहरा उतरलेला, अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर. ती माझ्याकडे बघत नव्हती. फळीवरच्या डब्याकडे बघत होती. आणि ती हसायला लागली. दार उघडलं तरी हसत होती, भिंतीला टेकून, पोट धरून.

"आणलास! अगं, इथंसुद्धा आणलास तू डबा!"

"तुला आवडतात म्हणून आणला," मी म्हटलं.

"मार्लिस, मला ओकारी येते त्याच्या वासानं."

मग हसता हसता ती रडायला लागली आणि मी तिला धरून बाकावर बसवलं. पुष्कळ वेळानं तिनं नाक पुसलं.

"पहिल्या नाताळला तू तो डबा दिलास ना," ती म्हणाली, "तेव्हा माझे हातपाय गार पडले. म्हटलं, हिला कळलं. हिची ही सांगायची रीत आहे. आता बोलेल, मग बोलेल. दुसऱ्या वर्षी परत डबा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हिला खरंच वाटतंय मला पेपरमिंट आवडतो."

"खोपट्या बर्फावरून कधी उठतात ते तुझ्या लक्षात येतं," लव्हॉन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "गॉर्डीनं चिठ्ठी पाठवून कळवलं मला. इथं सगळे हसले. पण मी तुझ्या टेबलाशी, तुझ्या शेजारी बसून, माझ्या झाकणाच्या कपातून काय पीत होते ते नाही आलं."

"कॉफी," मी म्हटलं. कारण मला तसंच वाटत आलं होतं.

"थोडी कॉफीही असायची."

आणि त्यानंतर ती दोन तास गाडी चालवत घरी जायची. मी दारात उभी राहून हात हलवायचे, सावकाश जा म्हणायचे. मला इतकी लाज वाटली, की तिथून उठून जावंसं वाटलं. परक्यांच्या घरांतली राख मी चाळणीनं चाळली होती आणि माझ्या टेबलावर काय ठेवलंय ते मला दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आले असतेच!"

"तेच. आली असतीस, कपाटं उघडली असतीस, कधीपासून, किती, कुठून आणतेस, सगळं विचारलं असतंस. मी उत्तरं दिली असती आणि तू त्यातलं खोटं काढलं असतंस. मला बहीण हवी होती गं. तपासणी नको होती."

मी परवाच कपाटं उघडून आले होते. ते मी तिला सांगितलं नाही.

तिनं मग लिखाणाचं सांगितलं. संध्याकाळचे पाच वाजले की तिचे हात आपोआप सिंकखाली जायचे. हातांना दुसरं काम हवं म्हणून जेवणाच्या आत लिहायचं ठरवलं. वर्षभर रोज, असं सगळ्यांसमोर बोलून टाकलं की पाय मागे घेता येणार नाही. बरेच दिवस जमलं. एकदा नाही जमलं, मग आणखी एकदा, आणि तेव्हा गॉर्डीनं इथलं सुचवलं. इथं फोन देत नाहीत. म्हणून यायच्या आधी रात्रंदिवस बसून तिनं महिनाभराचं लिहून ठेवलं.

"एल्मरच्या खोपटीत दिवा लागला होता तेव्हा," ती म्हणाली. "मी लिहिताना समोर दिसत होता. तारीख लावताना लक्षात नाही आलं."

"मग हे खोटंच झालं की. रोजचं कुठे राहिलं?"

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. पण ती रागावली नाही.

"ते राहिलंच नाही," ती म्हणाली. "तेच बोचतंय मला. त्यात लिहून ठेवलेल्यातलं आज शेवटचं लागेल, आणि इथं मला अजून थोडं राहायचंय. उद्यापासून पान कोरं. मार्लिस, तू लिहिशील? मी येईपर्यंत?"

"मी? मी फक्त अहवाल लिहिलेत जन्मात."

"मग दोनच ओळी लिही. पण त्या दिवसाचं, त्या दिवशी. आणि माझं नको लिहूस. तुझं लिही. खरं."

तिनं मला पासवर्ड सांगितला. सांगण्याआधी तिचे कान लाल झाले.

"मार्लिसलासांगूनका. सगळं जोडून."

आम्ही दोघी एकदम हसलो. लहानपणी मागच्या सीटवर हसायचो तसं, आवाज न करता, खांदे हलवत.

सोमवारी मी पुन्हा उत्तरेला गेले. पाखरांचे दाणे राहिले होते ना. भांडं भरलं आणि लव्हॉनच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसले. पासवर्ड टाकला. आतलं सगळं उघडलं. लागलेलं लिखाण एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला, कुठेही न लागलेलं, पुढची तारीख न लावलेलं एकच होतं. त्याला नाव दिलं होतं, 'मार्लिस'.

बोट लावलं की उघडलं असतं.

लिहिल्याची तारीख दिसत होती, ती जानेवारीतली होती. लांबीही दिसत होती. मोठं होतं, सुपाच्या लिखाणाहून खूप मोठं. म्हणजे बसून लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, आणि लावलं नव्हतं. माझ्याबद्दल तिला काय वाटतं ते सगळं तिथं होतं. मला कुणी अडवत नव्हतं. तिनं उघडू नकोस असं म्हटलंही नव्हतं. माझं बोट त्याच्यावर होतं. बाहेर दाण्याच्या भांड्यावर लाल पाखरू येऊन बसलं, खरंखुरं, आणि खिडकीतून आत बघायला लागलं.

मी बोट काढलं आणि नवं कोरं पान घेतलं.

"मी लव्हॉनची बहीण," मी लिहिलं. "थोडे दिवस मी लिहीन. काल एका मुलीनं माझी पर्स तपासली आणि पेपरमिंटचा डबा काढून घेतला. बरं केलं. आज लव्हॉनच्या पाखरांना दाणे टाकले. खोपटीबद्दल मी इथं जे विचारलं होतं ते इथं विचारायचं नव्हतं."

वाचून पाहिलं तर अहवालासारखंच झालं होतं. तरी लावून टाकलं. थोड्या वेळानं खाली गॉर्डी आला: "आजचं झालं?"

मी लिहिलं, "झालं."

पुढच्या रविवारी मी काही न नेता गेले. लव्हॉनचा चेहरा जरा भरला होता. आम्ही यंत्रातली कॉफी कागदी कपांत घेऊन खिडकीपाशी बसलो. तिनं कर्टिसची चौकशी केली, पाखरांची केली, आणि मग कपाच्या काठाशी चाळा करत, माझ्याकडे न बघता विचारलं, "वाचलंस ना?"

"काय?"

"तुझ्या नावाचं होतं ते. मी विसरलेच होते ते तिथं आहे. आठवडाभर झोप नाही मला."

"नाही वाचलं."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. चोरीला गेलेल्या स्नोमोबिलवाल्यांकडे मी तशीच बघायचे.

"मार्लिस. तू?"

"नाही वाचलं."

"तुझ्या नावाचं. समोर पडलेलं. आणि तू नाही उघडलंस."

"नाही उघडलं गं. देवाशपथ."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला कळला. मी तो शेकडो वेळा उच्चारला होता. तिचा विश्वास बसला नव्हता. मला काहीतरी काढून तिच्यापुढे ठेवावंसं वाटलं, एखादी तारीख, एखादा साक्षीदार, पण न उघडलेल्याचा पुरावा कुठून आणायचा? त्या खिडकीत फक्त ते पाखरू होतं.

मग लव्हॉननं आपला कप माझ्याकडे सरकवला.

"हुंग," ती म्हणाली.

"काय?"

"हुंगून बघ. तुला बघायचंय, मला माहितीये. आल्यापासून तुझं लक्ष तिकडेच आहे."

होतंच. खोटं कशाला सांगू? मी तो कप उचलला. गरम होता, वाफ येत होती. मी श्वास धरून ठेवला आणि कप होता तसा तिच्या हातात परत दिला.

"पी," मी म्हटलं. "गार होतेय."